भिंतीलगतचा ढीग

आमच्या अंगणात कडुलिंब आहे. माघ सरत आला की तो पानं टाकायला लागतो. सकाळी झाडून काढलं तरी दुपारी अंगण पुन्हा पिवळं. घंटागाडीवाला पालापाचोळा घेत नाही. “मावशी, हे आमच्यात येत न्हाई,” म्हणतो आणि गाणं वाजवत पुढे जातो. म्हणून मी तो जाळायचे. मुलगा आणि सून कामाला गेले, भांडी आटोपली, की ढीग करायचा, खाली कापसाच्या दोन वाळक्या पऱ्हाट्या घालायच्या आणि काडी लावायची.

मी तीर्थपुरीकडची. सगळा जन्म शेतात गेला. संध्याकाळी गोठ्यात धूर केला नाही तर चिलटं बैलांना उभं राहू देत नसत. चुलीपुढे डोळे लाल व्हायचे, पण धूर वाईट असं कुणी म्हणत नव्हतं. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही तसं कुणी शिकवलं नाही. मुलाने जालन्यात प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा आजूबाजूला ज्वारी उभी होती. आता घराला घर लागलं आहे. आमच्या आणि शेजारच्या घरात छातीएवढी एक भिंत, तेवढंच अंतर.

शेजारी एक बाई राहते. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असेल. मला मावशी म्हणते. तिचा मुलगा कचेरीत जातो. सून संभाजीनगरची. सुनेचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं आणि थंडी कमी झाल्यावर ती तान्हं लेकरू घेऊन इकडे आली. तेव्हापासून धुराची कुरकुर सुरू झाली.

“मावशी, धूर सगळा आमच्या घरात येऊ राह्यला,” शेजारीण म्हणायची.

“धूर का माझ्या हातात हाय? वारं नेईल तिकडं जाईल.”

हे खोटं होतं. वारं कुठून येतं ते मला रोज ठाऊक असायचं. माझी कपड्यांची दोरी अंगणाच्या दुसऱ्या बाजूला आहे. धुतलेल्या लुगड्यांना धुराचा वास लागू नये म्हणून मी ढीग त्यांच्या भिंतीला लावत होते. माझ्या कपड्यांवर नको म्हणून त्यांच्या खिडकीत. एवढा साधा हिशोब होता आणि मी तो स्वतःलाही कधी सांगितला नव्हता.

आता बिब्ब्याचं सांगते. दर शनिवारी जुन्या जालन्याकडून एक माणूस सायकलवर येतो आणि दारोदार फिरून मागेल त्याला माळ बांधून जातो. काळ्या दोऱ्यात मिरच्या, लिंबू आणि खाली एक बिब्बा. घराला नजर लागू नये म्हणून. बिब्बा दिसायला लहानसं काळं फळ, पण आत डांबरासारखं तेल असतं. ज्याला तो उततो त्याचं तोंड सुजतं, अंगावर फोड येतात, डोळे मिटून जातात. ज्याला उतत नाही त्याला काही होत नाही. मला उतत नाही. माझी आई बिब्ब्याचं तेल काढायची तर घरापासून लांब, बांधावर जाऊन काढायची. आणि जिकडे धूर जाईल तिकडे कुणी उभं राहिलं तर दगड घेऊन धावायची. नुसत्या धुरानेही उततो. हे मला लहानपणापासून माहीत आहे. कुणी मला ते सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

नवी माळ बांधली की जुनी रस्त्यावर टाकायची, अशी रीत. मीही टाकत होते. एकदा शेजारीण म्हणाली, “मावशी, ते फाटकासमोर टाकत जाऊ नका. सून लेकरू घेऊन जाती-येती. ओलांडल्या जातं.”

ते बरोबर होतं. लेकुरवाळीने असलं ओलांडू नये, हे मीही मानते. “बराबर हाय तुझं,” मी म्हणाले, आणि तेव्हापासून जुन्या माळा जिन्याखाली तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकायला लागले. लिंबं आणि मिरच्या वाळून खडखडीत झाल्या. बिब्बे जसेच्या तसे राहिले. बिब्बा वाळला तरी आतलं तेल जात नाही.

मग एक दिवस भिंतीवरून जरा जास्तच झालं. तिच्या वाळत घातलेल्या पापडांना धुराचा वास लागला, असं तिचं म्हणणं.

“खेडं सोडून आलात म्हणं मावशी,” ती म्हणाली. “सगळं खेडं तर संगंच आणलंय. तेवढी जनावरं राह्यली, ती बी आणा.”

“जनावरं आणली असती,” मी म्हणाले, “पण शेजार त्यांना पसंत पडला नसता.”

बोलायला मी कमी नाही. पण तिचं बोलणं मला लागलं. कारण तिचं माहेर भोकरदनकडचं, तेही शेतातलंच. स्वतः शेणात हात घालून मोठी झालेली बाई मला खेडं शिकवत होती. रात्रभर तेच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा जोरात झाडलं. अंगण झाडलं, जिना झाडला, जिन्याखाली झाडलं. डबा हाताला लागला. तो ढिगावर उपडा केला आणि काडी लावली.

मुद्दाम केलं का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. डबा भरला होता, तो कुठेतरी रिकामा करायचाच होता, हे खरं. बिब्बे तडतडायला लागले तेव्हा आईचा दगड आठवला, हेही खरं. बादली नळाखालीच होती. मी ती उचलली नाही. राग होता, अंग जड होतं, आणि धूर माझ्याकडे येत नव्हता.

तेवढ्यात शेजारणीची सून भिंतीशी आली. ओढणी नाका-तोंडावर धरलेली.

“आजी, ओ आजी, विझवता का जरा? बाळ आत्ता झोपलंय. खिडकी लावली तरी येतोय धूर.”

“विझतच आलाय,” मी म्हणाले.

तो विझत आला नव्हता. काळा, जड धूर निघत होता आणि सरळ तिच्या अंगावर जात होता. मी “आत जा पोरी” म्हणायला हवं होतं. दोन शब्दांचं काम. त्याऐवजी मी तिच्याशी बोलत बसले. आमच्या काळी लेकराला अंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी देत होते, धुरानं लेकरू घट्ट होतं, तुमचंच पोरगं कसं धुराला भितं, माझी चार लेकरं धुरातच वाढली. असलं सगळं. ती पोरगी ऐकत उभी राहिली. मोठ्या माणसाचं बोलणं मधे तोडून जायचं नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलं असणार. “हो आजी,” “असं का आजी,” म्हणत ती खोकत होती. मला दिसत होतं. शेवटी लेकरू रडलं म्हणून ती आत गेली, माझ्यामुळे नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारीण भिंतीशी आली. आवाज अगदी खाली.

“मावशी, लिंबाचे चार डहाळे द्या. सुनेला देवी आल्या.”

“देवी?”

“तोंड बघवत न्हाई. डोळे उघडेनात.”

मी कडुलिंबाचे डहाळे तोडले आणि स्वतः घेऊन गेले. दाराशी उभी राहूनच पाहिलं. पोरगी खाटेवर बसली होती. कपाळ सुजलेलं, डोळ्यांच्या फटी झालेल्या, मान लाल, हातांवर बांगड्यांपर्यंत फोड. देवी अशा येत नाहीत. त्या पोटावर, पाठीवर आधी येतात, आणि डोळे असे सुजवत नाहीत. आणि नाक, तोंड, हनुवटी एकदम स्वच्छ. ओढणी धरली होती तेवढी जागा सोडून बाकी सगळं उतलं होतं. जणू कुणी ओढणीची खूण करून ठेवली होती. माझ्यासाठीच ठेवली होती, कारण ती वाचता येणारी त्या घरात मी एकटीच होते.

मी डहाळे दिले. शेजारणीने ते दाराला खोचले आणि मला नमस्कार केला.

डॉक्टरला दाखवलं होतं. तो म्हणाला कशाची तरी ॲलर्जी आहे, आणि त्याने मलम आणि गोळ्या लिहून दिल्या. शेजारणीने गोळ्या-मलम तसंच कपाटावर ठेवलं. “त्याला काय कळतं देवीतलं? मलम लावून कोप ओढवून घ्यायचा का?” घरात फोडणी बंद, तेल बंद, पोरीची अंघोळ बंद. देवीत ते बरोबर. पण बिब्बा उतला तर नेमकं उलटं लागतं. अंग धुवायचं, कपडे बदलायचे, तेल लावायचं. ती पोरगी त्या दिवशीचा धूर अंगावर घेऊन, त्याच कपड्यांत बसून होती.

आणि लेकरू तिच्यापासून काढून घेतलं होतं. देवी लागट, लेकराला होतील, म्हणून ते शेजारणीच्या खोलीत, तोंडात बाटली.

ते बाटली घेत नव्हतं. त्याचं रडणं भिंतीवरून माझ्या स्वयंपाकघरात यायचं. दिवसा यायचं, संध्याकाळी यायचं. तान्ह्याचं रडणं मी खूप ऐकलंय, त्याचं मला काही वाटत नाही. पण त्याच्या मागून पोरीचा आवाज यायचा.

“आई, एकदा तरी आणा ना. मी हात लावत नाही. नुसतं बघते.”

“न्हाई बाई. त्याला झालं मंग? थोडं थांब.”

“दूध दाटलंय हो आई. दुखतंय फार.”

“पिळून टाक.”

हे ऐकलं आणि माझ्या हातातली भाकरी थापायची राहिली. दाटलेलं दूध असंच पिळून टाकत राहिलं तर आटायला लागतं. एकदा आटलं की देवाला बोलावलं तरी पुन्हा येत नाही. माझ्या एका जावेचं आटलं होतं. म्हणजे दर दिवशी, दर वेळेला ते दूध जात होतं. आणि एक वाक्य बोललं असतं तर थांबलं असतं. ते वाक्य माझ्याकडे होतं.

तरी मी गप्प बसले. का, तेही सांगते. नुसता पाला जाळला असता तर धुराचं भांडण झालं असतं, आणखी एक. पण लिंबू, मिरच्या, बिब्बे, शनिवारचे, त्यांच्या भिंतीला लावून जाळले म्हटल्यावर त्याला भांडण कोण म्हणेल? आदल्याच दिवशी आमची तोंडातोंडी झालेली. गल्लीत एकच बोलणं झालं असतं, म्हातारीने करणी केली. मुलाला-सुनेला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. हे मी मुलासाठी गप्प आहे असं स्वतःला सांगत होते. थोडं मुलासाठी होतं. बरंचसं त्या बाईपुढे मान खाली घालायची नव्हती म्हणून होतं.

मी जाळ बंद केला. पानं अंगणात पडून राहिली. मुलाच्या ते ध्यानात आलं.

“माय, धूर न्हाई आजकाल?”

“शेजारी आजारी हाय ना पोरगी.”

“वा! शानी झाली माझी माय,” म्हणाला आणि हसत गाडीवर बसला. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मग शेजारीण पुन्हा भिंतीशी आली. हातात वाटी. देवीला दहीभाताचा नैवेद्य केला होता.

“घ्या मावशी. तुमच्या लिंबाचा पाला चांगला. थंड वाटतं म्हणती. आन् तुम्ही धूर बी बंद केला न सांगता. त्या दिवशी मी तुम्हाला लई बोलले, मनात ठेवू नका.”

मी वाटी घेतली. आत येऊन ओट्यावर ठेवली. घास काही तोंडात गेला नाही. पलीकडे लेकरू रडतच होतं, पण आता त्याचा आवाज बसला होता. दहीभात मी गल्लीतल्या गाईंसाठी फाटकाबाहेर ठेवलेल्या घमेल्यात टाकला, वाटी घासली. कुणाची वाटी रिकामी परत करू नये, अशी आमच्यात रीत आहे. घरात गूळ होता, शेंगदाणे होते. मी वाटीत खोबरेल ओतलं आणि फाटकातून त्यांच्याकडे गेले.

शेजारीण पायरीवर लेकरू घेऊन बसली होती. वाटीकडे बघून म्हणाली, “हे काय? देवीच्या घरात तेल? डोकं फिरलं का मावशी?”

“देवी न्हाई ती,” मी म्हणाले. “बिब्बा उतलाय. माझ्या जाळातला.”

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. “कसला बिब्बा?”

“दाराच्या माळांतला. तू रस्त्यावर टाकू नको म्हणली, म्हणून डब्यात ठेवत होते. त्या दिवशी ढिगात टाकले. तुझी सून भिंतीशी येऊन उभी राहिली, तिच्या अंगावर धूर गेला.”

“आमच्या भिंतीला जाळले?”

“हो.”

“लिंबू-मिरच्या बी?”

“त्या बी.”

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने लेकराच्या तोंडावर पदर ओढला. माझ्या नजरेपासून. मी त्याच्याकडे बघू नये म्हणून. माझं आयुष्य गेलं, पण माझ्यापुढे कुणी लेकरू असं झाकलं नव्हतं.

“मी करणी-बिरणी काही केली न्हाई,” मी म्हणाले.

“मी कुठं म्हणले?” ती म्हणाली. पदर तसाच.

आतून पोरीचा आवाज आला. तिने सगळं ऐकलं होतं. “आजी, म्हणजे हे लागट नाही?”

“न्हाई. अंघोळ कर पोरी, डोक्यावरून. त्या दिवशीचे कपडे टाक, चादर टाक. डॉक्टरनं दिलेलं मलम लाव. आन् नवऱ्याला सांग, आजच डॉक्टरकडं जाऊन बिब्बा म्हणून सांग त्याला.”

ती उठून दारात आली. चौकटीला हात धरून उभी राहिली. डोळ्यांच्या फटीतून तिला मी किती दिसत होते कोण जाणे.

“मी तुम्हाला विझवा म्हणाले होते. तुम्ही मला धुरीचं सांगत बसलात.”

“हो.”

“का?”

“राग आला होता.”

“माझा?”

“तुझा न्हाई. तुझ्या सासूचा.”

सासू तिथेच होती. सून सासूकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मला वाटतं ती हसली असती, तोंड सुजलेलं नसतं तर. किंवा नसती हसली. मी तिच्या जागी असते तर वाटी फेकून मारली असती.

ती न्हाणीत गेली. पाण्याचा आवाज यायला लागला. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी पायरीच्या खालच्या अंगाला उभी राहिले. वाटी हातातच होती, शेजारणीने ती घेतली नव्हती. लेकरू हुंदके देत होतं. ती बाई त्याला थोपटत होती आणि माझ्याकडे पाठ करून बसली होती.

पोरगी धुतलेला गाऊन घालून, हातांना मऊ फडकी गुंडाळून आली. सासूपुढे वाकली आणि लेकरू उचललं. विचारलं नाही. सासूने एकदा धरून ठेवलं, मग सोडलं. ती आतल्या भिंतीला टेकून बसली आणि त्याला छातीशी घेतलं. ते घेईना. एव्हाना त्याला बाटलीची सवय लागली असावी, नाहीतर रागावलं होतं. तोंड फिरवून रडलं, पुन्हा फिरवलं. पोरीने काही केलं नाही, नुसती धरून बसली. मी मनात म्हणत होते, आटलं. आटलं असणार. मग रडणं मधेच थांबलं आणि गिळण्याचा आवाज आला. तान्ह्याच्या गिळण्याचा आवाज केवढा असतो! पण मला पायरीखाली ऐकू आला.

“जा आता मावशी,” शेजारीण म्हणाली. पाठ माझ्याकडेच होती.

मी वाटी पायरीवर ठेवून आले.

पोरीचं तोंड हळूहळू उतरलं. कपाळावर आणि मनगटांवर काळे डाग राहिले आहेत. जातील, असं डॉक्टर म्हणतो. दूध पहिल्यासारखं आलं नाही. अर्धी बाटली, अर्धं अंगावर, असं चाललं आहे. हे मला शेजारणीने सांगितलं नाही. भिंतीवरून ऐकू येतं.

मुलाला मीच सांगितलं. रविवारी त्याने झाडाखाली खड्डा खणला आणि पाला त्यात टाकायला लावलं. खड्डा माझ्या कपड्यांच्या दोरीखालीच आहे. पावसाळ्यात वास येईल. येऊ दे.

शेजारच्या फाटकाला पूर्वी माळ नसायची. आता असते. शनिवारी सायकलवाला बांधतो. फाटकाच्या समोरच्या बाजूला नाही, आमच्या घराकडे तोंड करून. कुणासाठी ते मला कळतं. गल्लीतल्या इतर बायकांनाही कळत असणार, कारण माझ्या समोरून जाताना काही जणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवतात.

मागच्या शनिवारी पोरगी जुनी माळ घेऊन भिंतीशी आली. दोऱ्याच्या टोकाला धरलेली, अंगापासून लांब. कडेवर लेकरू.

“आजी, ही कुठं टाकायची?”

“जाळू नको,” मी म्हणाले.

“ते कळलंय मला.”

“दे इकडं. मी पुरते.”

मी हात पुढे केला. तिने माझ्या हातात दिली नाही. भिंतीवर ठेवली, लेकराचं तोंड दुसऱ्या खांद्याकडे वळवलं आणि आत गेली. मी माळ उचलली आणि कुदळ आणायला गेले.